विहिरीत उतरवलेला उजेड

उजेडाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. लग्नाच्या मांडवात एखादा हौशी पाहुणा “भाऊ, लाइट जरा इकडून मारा ना” म्हणाला, की माझ्या कपाळावर आठी चढलीच. बायको म्हणते, एवढा ताठा बरा नव्हे. नसेल. पण हा ताठा मला फुकट मिळालेला नाही. त्यासाठी कॅमेरा घेऊन मी आमच्या मोहल्ल्याच्या विहिरीत तळापर्यंत बुडी मारली होती. तीही दोनदा, कारण पहिल्यांदा मी सपशेल तोंडघशी पडलो होतो.

एकोणीसशे साठनंतरच्या दशकाची अखेर होती. मी बालाघाटला एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. मालक मोठ्या मनाचे होते. दुपारी डबा उघडला की आधी माझ्यापुढे सरकवायचे. फक्त फ्लॅशच्या बल्बांना हात लावलेला त्यांना खपत नसे. तेव्हाचा बल्ब एकदाच पेटायचा. पांढराशुभ्र उजेड पडला की काच आतून धुरकट व्हायची आणि बल्ब टाकून द्यावा लागायचा. हे बल्ब नागपूरहून यायचे आणि कुलपाआड राहायचे.

आमचा मुख्य धंदा म्हणजे मुलींचे दाखवायचे फोटो. लामता, हट्टा, रामपायली, सगळीकडून बाप आपापल्या लेकींना घेऊन यायचे. घरोघरी देवी येऊन गेलेल्या, त्यामुळे वण नसलेला चेहरा विरळाच. मालकांनी मला पहिला धडा दिला तो त्याचाच. “चेहरे पे माता के दाग हों, तो लाइट सामने से मारना,” ते म्हणाले होते. “साइड से मारी, तो एक-एक गड्ढा दिखेगा. फिर लड़की का बाप तेरे को दिखाएगा.”

मी तो धडा असा पक्का केला की समोरून उजेड टाकायचा म्हणजे माझ्या हातचा मळ झाला. खड्ड्यांनी भरलेला चेहरा मी पाटीसारखा सपाट करून द्यायचो. मुलीची आई फोटो बघून “अगंबाई, ही आपलीच का?” म्हणायची आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

एकच माणूस माझ्या हाती लागला नाही, तो म्हणजे माझा मामा. त्याचं तोंड वणांनी पार भरलेलं होतं. मी स्टुडिओत लागलो तेव्हा आई माझ्या मागंच लागली होती, “मह्या भावाचा एक फोटो काढ रे बापा.” मामा बालाघाटला यायचा, बाकावर बसून चहा प्यायचा, आणि मी कॅमेऱ्याला हात घातला की उठायचा. “मह्या थोबाडाचा कायचा फोटो काढतं? काच फुटून जाईन,” असं म्हणून हसत हसत रस्त्याला लागायचा. पुढे एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. जिल्हाभराचे फोटो काढणाऱ्या माझ्या घरात त्याचा एकही फोटो नव्हता. आई त्यावरून मला बोल लावायची नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

मामा गवंडी होता आणि माझा बापही गवंडी. वडिलांना आम्ही बा म्हणायचो. आमचं गाव रामपायलीच्या रस्त्यावर. छप्पन सालच्या दीक्षेनंतर मोहल्ल्यानं ठरवलं की आता गावाच्या विहिरीवर कुणीतरी वरून ओतेल म्हणून भांडी मांडून उभं राहायचं नाही, आपली विहीर आपण खणायची. बायाबापड्यांनी माती उपसली, पोरांनी दगड वाहिले. बांधकाम बांनी केलं. अगदी तळाचे थर बसवताना पाणी इतक्या जोरानं यायचं की खाली फक्त दोघंच उतरायचे, बा आणि मामा. बाकीचे वरून बादल्या ओढायचे.

त्या विहिरीचा बांना भलता अभिमान. माझा तापट स्वभाव कुठून आला हे शोधायला लांब जावं लागत नाही. कुणी हट्ट्याच्या बावलीची, तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीची, तारीफ केली की ते लगेच म्हणायचे, “राजानं बांधली ना थे? राजाजवळ हत्ती होते. मह्याजवळ मेव्हना होता.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन मांडीवर थाप मारायचे.

मग एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ येऊ लागलं आणि कमीही झालं. डिझेलचं इंजिन आणून उपसून पाहिलं, पण बारीकसारीक झऱ्यांनी तळ काही उघडा पडू दिला नाही. तेव्हा वैनगंगेवरून ढीमरदादांना बोलावलं. हे मासे धरायचे, विहिरीत पडलेली भांडीही काढून द्यायचे. दम असा की माणूस वर येतो की नाही याची काठावर काळजी लागावी. त्यांनी बुडी मारली आणि वर येऊन सांगितलं, “नीचे बोळ पडलं हाय. मोठं. मेरा हाथ खांदे तक गेला.”

बोळ म्हणजे भगदाड. मोहल्ल्यात चर्चा सुरू झाली. तळाचा बांध ढासळला, आता वरचाही बसणार. सिमेंटच्या कड्या टाकून देणारा एक ठेकेदार वाराशिवनीहून येऊन विहीर बघून गेला. त्यासाठी आधी दगडी बांध फोडून काढावा लागणार होता. पाऊस लागायच्या आत काम उरकायचं ठरत आलं.

बा बैठकीत ताडकन उभे राहिले. तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस आवाजावरूनच ओळखायचे. “मह्या बांधाले कोनी हात लावायचा नाई,” ते म्हणाले. “थे बोळ नोहे. झऱ्याले तोंड ठेवलं हाय आमी. दोन बाजूले दोन उभे दगड, वरतं एक आडवा. म्या अन् मह्या मेव्हन्यानं बसवले.”

मोहल्ल्याचे वडीलधारे, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते शांतपणे बोलले. “भाऊ, तुमच्यावर इस्वास नाई असं कोन म्हंते? पन पोरीबाळी काठावर उभ्या राहून पानी ओढतेत. बांध खचला तं जबाबदारी कोनाची?”

काकांचं काही चुकत नव्हतं. बांचा साक्षीदार एकच, आणि तो हयात नव्हता. स्वतः बुडी मारून दाखवावी तर डोळे गेलेले. ते खाली बसले आणि धोतराचा सोगा चाचपत राहिले. मला ते सहन झालं नाही.

“मी फोटो काढतो तळाचा,” मी बोलून गेलो. “बांधलेलं तोंड असेल तर तिन्ही बाजूंनी घडीव दगड दिसतील. ढासळलं असेल तर वेडंवाकडं भगदाड दिसेल. मग तुम्हीच ठरवा.”

“पान्यात?” काका म्हणाले.

“हौ, पान्यात,” मी म्हणालो, जसा काही रोज पाण्यातच फोटो काढतो.

बालाघाटला परतल्यावर मात्र जमिनीवर आलो. मालकांकडे खिशात मावेल असा एक छोटा कॅमेरा होता. त्यांच्या भाच्यानं कुठूनसा आणलेला, आणि बल्ब बसवायची छत्री त्याच्या डोक्यावरच बसायची. मोठ्या कॅमेऱ्याला विहिरीत नेणं म्हणजे म्हशीला पाळण्यात घालणं, तेव्हा हा छोटाच घ्यायचा हे ठरलं. त्याला पाण्यापासून वाचवायला मी अंग शेकायची रबराची पिशवी आणली, तिचं एक टोक कापून त्यात कॅमेरा सरकवला आणि पुढं बॅटरीची जाड काच लोखंडी कड्यात आवळून बसवली. सांधे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आणि सोल्युशननं बंद केले. मऊ रबरातून कळ दाबता यायची. स्टुडिओमागच्या हौदात रिकामीच पिशवी रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी आतून कोरडी निघाली. मालकांनी कपाळाला हात लावला, पण कॅमेरा दिला.

आता उजेड. विहिरीच्या तळाशी भरदुपारीही संध्याकाळ असते. उजेड बरोबर न्यावाच लागणार होता. हौदात एक वीट ठेवून मी एकेक दिवा पारखायला बसलो. घरातली तीन सेलची बॅटरी मेणानं बंद करून बुडवली, तर विटेवर पिवळट डाग पडला, बस्स. भरवेलीच्या मँगनीज खाणीत जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून टोपीवरचा दिवा मागून आणला. तो बराच वेळ जळायचा आणि वाट दाखवायला उत्तम, पण फोटोसाठी दुबळा. गॅसबत्तीचा उजेड भरपूर, पण ती काही पाण्यात जळणार नव्हती आणि वर टांगली तर सगळा उजेड पाण्याच्या पाठीवरच राहायचा. उरला आरसा. विहिरीत बादली पडली की आमच्याकडे काठावरून आरशानं ऊन खाली टाकतात आणि बादली शोधतात. आमच्या आईचा त्यात हात कुणी धरू शकत नसे. पण माणसाच्या हातातला आरसा हलणारच, आणि उन्हाचा कवडसा तळाशी नाचत राहायचा.

म्हणजे फ्लॅशचा बल्बच हवा. क्षणभर का होईना, लख्ख. गोड्या पाण्यात तो पेटतो का हे बघायला मी मालकांच्या डोळ्यांदेखत एक बल्ब हौदात धरला आणि पेटवला. सगळा हौद दुधासारखा उजळला. मालक जळलेल्या बल्बाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाले, “बाप का काम है, इसलिए दे रहा हूँ.” त्यांनी कपाट उघडलं आणि मोजके बल्ब माझ्या हातावर ठेवले.

मी छत्री पिशवीच्या बाहेर काढून कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवली, बल्ब लेन्सच्या अगदी वर, जसा स्टुडिओत समोरून असतो तसा. दुसरा विचार डोक्यात आलाच नाही.

ठरल्या दिवशी गावी पोचलो तर काठावर जत्रा. बायकांनी मोठ्या प्रेमानं स्वागत केलं. “भाऊ, तुया फोटोसाठी पानी निवळून ठेवलं!” एकीनं सांगितलं. सकाळीच त्यांनी तुरटीचे खडे दोरीला बांधून पाण्यात खूप फिरवले होते. घरच्या मडक्यात आपण फिरवतो तशीच तुरटी. फोटोवाला येणार, मग पाणी स्वच्छ नको? मलाही ते कौतुकाचंच वाटलं.

दोरीला बांधलेला दगड धरून मी खाली गेलो. ढीमरदादांनी माझा हात धरून बोळापाशी नेला. कळ दाबली, बल्ब पेटला. वर येऊन बल्ब बदलला, पुन्हा गेलो. नाकातोंडात पाणी गेलं, पण छाती फुगली होती ती वेगळ्याच कारणानं.

बालाघाटला फिल्म धुतली आणि कागदावर उतरवली. फोटोभर पांढरे ठिपके होते, कापूस पिंजून उधळल्यासारखे. तुरटीनं गाळाचे बारीक पुंजके बांधले जातात, ते बसायला वेळ लागतो, आणि मी ते बसायच्या आधीच उतरलो होतो. शिवाय बल्ब लेन्सच्या डोक्यावर, त्यामुळे त्यातला प्रत्येक पुंजका चमकून माझ्याकडेच उलटला होता. पण खरं दुःख ठिपक्यांचं नव्हतं. त्यांच्या मागं भिंत सपाट, पांढरट, आणि मधोमध काळा डाग. कडा नाहीत, दगड नाहीत. बघणारा म्हणेल, पडलं हो भगदाड.

आणि तसंच म्हणाले. मी फोटो लपवला नाही. मी काढलेला होता, दाखवणं भाग होतं. काकांनी तो उन्हात धरून पाहिला, पुढं दिला. ठेकेदाराचा माणूस “आता तर फोटोच आला” म्हणून मोकळा झाला. येत्या आठवड्यात बांध फोडायला सुरुवात करायचं ठरलं.

बांनी मला घरी विचारलं, “काय दिसते त्याच्यात?”

“काळं दिसते, बा,” मी म्हणालो.

“कडा?”

“कडा नाई दिसत.”

ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, “तुले तं वाटते ना, का म्या बांधलं हाय?” मी हो म्हणालो. पण त्यांना माझं ‘हो’ नको होतं, त्यांना विहीर हवी होती. मी त्या संध्याकाळी सायकल काढली आणि बालाघाटची वाट धरली. रस्ताभर स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की दुसऱ्या कुणी दिल्या असत्या तर मारामारी झाली असती.

दुसऱ्याच दिवशी लामत्याकडची एक मुलगी दाखवायच्या फोटोसाठी आली. चेहऱ्यावर देवीचे वण, चांगले खोल. सवयीनं मी दिवा ओढून समोर आणला. मुलीचा चेहरा दिव्याखाली सपाट होत गेला, खड्डे भरून निघाल्यासारखे नाहीसे झाले, आणि मी दिव्याच्या दांड्याला धरून तसाच उभा राहिलो. म्हटलं, अरे गाढवा! वर्षानुवर्षं तू पोट भरतोस ते खड्डे लपवून. बापाची विहीरसुद्धा तू दाखवायची मुलगी समजलास. समोरून उजेड मारून तिच्या सगळ्या खाचा, सगळ्या कडा पुसून टाकल्यास.

मी दिवा ढकलून मुलीच्या कानाजवळ नेला. एकेक वण सावली धरून वर आला. मुलगी बिचारी घाबरली. मी हात जोडले, “ताई, चुकलो,” आणि दिवा परत समोर आणून तिचा असा देखणा फोटो काढला की पुढे तिचं लग्न त्याच फोटोवर ठरल्याचं कानावर आलं. पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. उजेड कॅमेऱ्याबरोबर राहायला नको. तो भिंतीला घासून, बाजूनं यायला हवा. पुंजकेही मग लेन्सकडे उलटणार नाहीत.

त्या दिवसापासून दिवे निवडण्याचा माझा सगळा हिशेबच उलटा झाला. कुठला दिवा, हा प्रश्न मागं पडला; दिवा कुठं, हा पुढं आला. बल्ब मी कॅमेऱ्यावरून काढून टाकला आणि लांब वेळूच्या टोकाला बसवला. बुडाला मेण आणि सायकलचं रबर गुंडाळलं, तार वेळूवरून वर काठापर्यंत आणली आणि तिथं सेल आणि बटण ठेवलं. कॅमेरा दुसऱ्या वेळूला करकचून बांधला, तो तळात रोवून उभा राहील असा. आता कॅमेरा एकीकडे आणि बल्ब दुसरीकडे, तर दोघांची वेळ कशी जुळवायची? त्याला उत्तर आरसा. आईनं आरशानं ऊन खाली टाकायचं, त्यात आम्ही जागा शोधायची. जागेवर आलो की मी दोरीला हिसका देणार. आईनं आरसा काढायचा. खाली अंधार झाला की मी कॅमेऱ्याची पापणी, म्हणजे शटर, उघडी धरणार, वरून बटण दाबलं जाणार, बल्ब पेटणार, पापणी बंद.

“बटन कोन दाबन?” आईनं विचारलं.

“मी दाबीन,” बा म्हणाले. “मले कायले डोळे लागते त्याच्यासाठी?”

काकांकडे जाऊन मी एक सकाळ मागून घेतली. त्यांनी मान हलवली, पण दिली. अट माझी होती: आदल्या संध्याकाळपासून विहिरीत एक बादली सोडायची नाही, आणि तुरटीचं तर नावच काढायचं नाही. मोहल्ल्यातल्या बायका कुरकुरत नाल्यावर पाण्याला गेल्या. एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुरटी नाई तं काय, फोटोवाल्याचं डोस्कं फिरवून पाहा लागते.”

ऊन डोक्यावर आल्यावर उतरलो. वाटेसाठी टोपीवरचा दिवा सोबत न्यावा असं आधी मनात होतं, पण आईच्या आरशापुढं त्याची गरजच पडली नाही. तिनं कवडसा असा हळूहळू थरामागून थर खाली सरकवला की मी त्याच्या मागं मागं गेलो. ढीमरदादा बल्बाचा वेळू घेऊन माझ्या उजवीकडे. मी खूण केली तसा त्यांनी बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून धरला, बोळापासून हातभर दूर. कॅमेऱ्याचा वेळू मी तळात रोवला. दोरीला हिसका दिला.

कवडसा गेला. अंधार पडला. मी रबरातून कळ दाबून धरली. वर आईनं “दाबा जी!” म्हटलेलं मला काही ऐकू आलं नाही, पण त्याच क्षणी उजवीकडून एक उजेड भिंतीवरून सरसरत गेला आणि डोळ्यांपुढं एकेक दगड आपापली सावली घेऊन उभा राहिला. पापणी बंद केली आणि वर आलो. ढीमरदादा माझ्याआधी वर आले होते आणि काठाला धरून धापा टाकत होते. “दिखा,” ते म्हणाले. “मेरे को दिखा.” उरलेले बल्बही आम्ही पेटवले, पण खात्री मला पहिल्यालाच झाली होती.

फिल्म मी त्याच दुपारी बालाघाटला नेऊन धुतली. लाल दिव्याखाली तबकातल्या कागदावर आधी काळं तोंड आलं, मग त्याच्या डावी-उजवीकडे दोन उभे दगड, सरळ, ओळंब्यात. आणि वर आडवा दगड, पैलवानाच्या खांद्यासारखा भक्कम. तोंडात मुळ्यांचं जाळं भरलेलं होतं, जेमतेम एक हात आत जाईल एवढी फट सोडून. काठावरच्या पिंपळाच्या त्या मुळ्या होत्या. झरा गुदमरला होता तो त्यांच्यामुळं, पाणी गढूळ व्हायचं तेही त्यांच्यामुळं. मालक मागून बघत होते. “यह लाइट किसने सिखाई तेरे को?” त्यांनी विचारलं. “तुम्हीच,” मी म्हणालो, “साइड से मत मारना असं सांगून.”

बैठकीत काकांनी फोटो हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बोटानं तीन दगड दाखवले. मग उठून बांजवळ गेले आणि त्यांचा हात धरून म्हणाले, “भाऊ, तुमचा दगड हालला नाई.” ठेकेदाराच्या माणसानं चहा संपवला आणि सायकल काढली. दुसऱ्या दिवशी ढीमरदादांनी बुड्या मारून मुळ्या कापून काढल्या. आठवडाभरात पाणी आधीसारखं वर आलं. बांध फोडायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

बा घरी आले ते छाती काढूनच. दारातूनच हाक मारली, “आन थो फोटो इकडं.” मी दिला. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली. गुळगुळीत कागद, हाताला काय लागणार? मग ते मलाच विचारू लागले. किती थर दिसतात, सांधे कसे आहेत, उभे दगड किती उंच. परीक्षा घेत असल्यासारखे. मी सांगत गेलो.

“टाकीचे घाव दिसतेत?”

“हौ. सगळ्या दगडांवर दिसतेत. तिरपे.”

“कोनीकडून कोनीकडं?”

“उजवीकडून डावीकडं उतरते.” मग मी फोटो उजेडाकडे धरला. बाजूनं आलेल्या उजेडात प्रत्येक घावाला आपली सावली होती. “आडव्या दगडाचे तेवढे उलटे हायेत, बा. डावीकडून उजवीकडं.”

चुलीजवळ बसलेल्या आईचा हात थांबला.

“थो डावखुरा होता,” बा म्हणाले. “आडवा दगड त्यानंच घडवला. मले म्हने, भाऊजी, वरतचा मी करतो, तुमी खालून हात द्या.”

आई उठली. पदराला हात पुसले, माझ्याकडून फोटो घेतला आणि दारापाशी उजेडात जाऊन उभी राहिली. त्या आडव्या दगडावर टाकीचे घाव असे दाट होते की बोटभर जागा सपाट नव्हती. तिनं त्यावरून एकदा बोट फिरवलं.

“त्याच्या तोंडावानीच हाय,” ती म्हणाली. आणि मग रडू आवरत, थोडंसं हसून, “लई पळत होता ना फोटोले? काढला का नाई मह्या पोरानं!”

त्या फोटोला मी चौकट करून दिली. घरातल्या माणसांच्या भिंतीवरच्या फोटोंमध्ये आईनं तो लावला. घरी येणारा नवा माणूस विचारायचा, हा विहिरीचा फोटो इथं कशाला? आई म्हणायची, “मह्या भावाचा होय.”